इलेक्ट्रिक गाडी पर्यावरणाला खरंच बरी, की धूर फक्त दुसरीकडे सरकतो?

वहीखातं

प्रश्न नवा नाही, पण मला उत्तर आकड्यांत हवंय. हिशेब लिहिणं हाच माझा पेशा, त्यामुळे गाडीवर ‘झीरो एमिशन’ लिहिलेलं दिसलं की पहिला विचार येतो, मग हा खर्च टाकला कुठल्या खात्यात? सायलेन्सर नाही म्हणजे सायलेन्सरमधून धूर नाही, हे कळतं. पण वीज कुठेतरी तयार होतेच. बॅटरीही आकाशातून पडत नाही.

आमची पेट्रोल गाडी नऊ वर्षांची आहे आणि ठणठणीत आहे. लिटरला सोळा किलोमीटर देते आणि वर्षाला फार तर सहा हजार किलोमीटर चालते. मुलाचं म्हणणं, ही विकून इलेक्ट्रिक घेऊ, निदान आपल्या वाट्याचा धूर तरी थांबेल. नवऱ्याचं म्हणणं, बॅटरी बनवताना इतका कार्बन हवेत जातो की गाडी मोडीत निघेपर्यंत तो भरून निघत नाही. दोघेही मला व्हिडिओ पाठवतात आणि दोन्ही व्हिडिओंतली माणसं सारख्याच ठामपणे बोलत असतात.

तर विचारायचंय ते असं. बॅटरीचा कार्बन किती आणि तो किती वर्षांत फिटतो? वीज कोळशाची असेल तर या सगळ्याला काही अर्थ उरतो का? आणि खाणींचं काय? गाडी परवडेल का, चार्जिंग कुठे करायचं, ते माझं मी बघेन. त्याचे सल्ले नकोत.

जुना बॉयलर

नोकरीची सगळी वर्षं औष्णिक वीजकेंद्रात गेली, शेवटची कंट्रोल रूममध्ये. तेव्हा हा म्हातारा कोळशाची बाजू घेणार असं समजूनच वाचा. खाली ‘युनिट’ म्हणतोय ते आपल्या वीजबिलावरचं, आणि किलो-टनांत ‘कार्बन’ म्हणतोय तो कार्बन डायऑक्साइड.

आधी तुमची आत्ताची गाडी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. (लिटरभर पेट्रोल भरतं पाऊण किलो, मग वायू तिप्पट वजनाचा कसा, असं कुणीतरी विचारतंच. पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, ते वजन त्याचं.) शिवाय तेल जमिनीतून उपसणं, जहाजाने आणणं, रिफायनरीत तापवणं, टँकरने पंपापर्यंत पोचवणं, याचे वरून आणखी २० टक्के धरा. ही २० टक्क्यांची गोष्ट व्हिडिओवाले हमखास गाळतात. बॅटरीच्या कारखान्याचं धुरांडं सगळ्यांना दिसतं, रिफायनरीचं कुणालाच नाही. तुमचे सहा हजार किलोमीटर म्हणजे ३७५ लिटर. जळताना ८६० किलो, वरकड धरून वर्षाला एक टन.

आता इलेक्ट्रिक. मध्यम आकाराची गाडी किलोमीटरला ०.१५ युनिट खाते. चार्ज होताना दहाएक टक्के उष्णतेत जातात, म्हणून ०.१६५ धरू. वर्षाला हजार युनिट झाले, हिशेबाला सोपं. या हजार युनिटांचा कार्बन किती, हे तुमच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे त्यावर ठरतं. निव्वळ कोळसा असेल तर ९५० किलोच्या आसपास. कोळसा जास्त, पण सोबत पाणी-वारा-सूर्य असं मिश्रण असेल तर ७०० (भारताची सरासरी साधारण इथे बसते). गॅस, अणुऊर्जा आणि वारा असं मिश्रण असेल तर २५०. आणि नॉर्वेसारखी जवळजवळ सगळी वीज पाण्यावरची असेल, तर धरणं बांधण्यापासूनचं सगळं धरूनही पंचवीस-तीस किलो.

म्हणजे बचत वर्षाला शंभर किलोपासून एक टनापर्यंत कितीही असू शकते. तुमच्या घरातले दोघंही आपापल्या ग्रिडवर, म्हणजे वीजजाळ्यावर, बरोबर आहेत.

बॅटरीकडे येऊ. स्वीडनच्या ‘आयव्हीएल’ या संस्थेने २०१७ मध्ये आकडा काढला होता की बॅटरीच्या दर युनिट क्षमतेमागे १५० ते २०० किलो कार्बन लागतो. दोनच वर्षांनी त्याच संस्थेने नवी माहिती घेऊन तो ६१ ते १०६ वर आणला. कारखाने मोठे झाले होते आणि मोजमापही सुधारलं होतं. पण जुना आकडा अजून फिरतोय, तुमच्या नवऱ्याच्या व्हिडिओत बहुतेक तोच असणार. आपण मधला ८० घेऊ. ५० युनिटांची बॅटरी म्हणजे चार टन.

हे चार टन तुम्ही गाडी घेण्याआधीच डोक्यावर चढलेलं कर्ज. पाण्याच्या विजेवर ते चार वर्षांत फिटतं, मधल्या ग्रिडवर पाच वर्षांत, कोळसा जास्त असलेल्या ग्रिडवर बारा वर्षांत. निव्वळ कोळशावर तुमच्या वापराने चाळीसेक वर्षं लागतील, म्हणजे कधीच नाही.

आणि हा हिशेब फक्त बॅटरीचा. नवी गाडी घ्यायचीच आहे आणि पेट्रोल की इलेक्ट्रिक एवढाच प्रश्न असेल, तर तो पुरतो, कारण पत्रा, काच, सीट दोन्हींत सारखेच. पण तुमची गाडी चालू आहे. चालती गाडी काढून नवी घ्यायची तर नव्या सांगाड्याचे पाच-सहा टनही त्याच खात्यात लिहावे लागतील. वर्षाला सहा हजार किलोमीटरवर हे जमत नाही. तीस हजार किलोमीटर चालवणारा असता तर मी उलटं सांगितलं असतं.

कोळशाबद्दल विचारलंत म्हणून थोडं आणखी. आमचं चांगलं केंद्र कोळशाच्या उष्णतेपैकी ३५ ते ४० टक्क्यांची वीज करतं. तारा, चार्जर, मोटर यांतून चाकापर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस टक्के पोचते. शहराच्या गर्दीत पेट्रोल इंजिनाचे चाकाला मिळतात वीसेक टक्के. म्हणजे कार्यक्षमतेत कोळसा-अधिक-मोटर ही जोडी पुढेच आहे! पण तेवढ्याच उष्णतेला कोळसा पेट्रोलपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त कार्बन सोडतो आणि मिळवलेली आघाडी तिथे जाते. म्हणून निव्वळ कोळशावर, बॅटरीचं कर्ज सोडून, सामना बरोबरीत सुटतो. चालवण्यापुरती इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलपेक्षा ‘वाईट’ ठरायला ग्रिड फारच काळं असावं लागतं.

राहिला धूर ‘सरकण्याचा’ मुद्दा. सरकतो, आणि त्यात फायदा आहे. चौकात सिग्नलला थांबलेल्या पोराच्या नाकाच्या उंचीवर निघणारा धूर आणि दोनशे मीटर उंच चिमणीतून निघणारा धूर एक नव्हे. चिमणीआधी ईएसपी, म्हणजे धुरातली राख विजेने ओढून घेणारा सापळा, बसवलेला असतो, तो नीट चालला तर ९९ टक्क्यांहून जास्त राख धरतो. हजारो सायलेन्सरांवर लक्ष ठेवण्यापेक्षा एका चिमणीवर ठेवणं सोपं. पण सल्फरचा वायू आणि बराचसा पारा ईएसपीत अडकत नाहीत. आणि धरलेली राख जाते राखेच्या बंधाऱ्यात. त्या बंधाऱ्याशेजारी माणसं राहतात. उन्हाळ्यात वारा सुटला की वाळत घातलेले कपडे करडे होतात, हे मी नोकरीभर पाहिलंय. शहराची हवा सुधारली म्हणून तिथल्यांची सुधारत नाही.

उलटतपासणी

बॉयलरकाकांचे आकडे पटले, निष्कर्ष अर्धाच पटला.

काका म्हणतात जुनी गाडी ठेवा. पण वहीखातं यांनी गाडी विकली म्हणून ती भंगारात जात नाही. ती दुसरं कुणीतरी चालवणार आणि तिच्या जागी आणखी जुनी, आणखी धूर ओकणारी एखादी रस्त्यावरून उतरणार. तसंच त्यांनी घेतलेली इलेक्ट्रिकही त्यांच्यापाशी थोडीच संपते? आठ वर्षांनी ती दुसऱ्याकडे जाईल आणि तो कदाचित वर्षाला वीस हजार किलोमीटर पळवेल. बॅटरीचं कर्ज गाडीच्या नावावर आहे, पहिल्या मालकाच्या नाही. हिशेब गाडीच्या पूर्ण आयुष्याचा करायला हवा.

दुसरी शंका उलट्या बाजूने. काकांनी ग्रिडची सरासरी घेतली. मी रात्री बारा वाजता गाडी चार्जिंगला लावली, तर तो जादा युनिट सरासरीतून येतो का? पाणी, वारा, अणुऊर्जा आधीच जेवढी मिळते तेवढी घेतलेली असते. माझ्यासाठी वाढवतात तो कोळशाचा किंवा गॅसचा संच. मग ‘ग्रिड ४० टक्के हरित आहे’ या वाक्यातला माझा वाटा शून्य नाही का?

जुना बॉयलर

उलटतपासणी, रात्रीचा मुद्दा अचूक पकडलात. रात्री मागणी उतरली की आम्ही संच बॅक डाऊन करायचो, म्हणजे कमी भारावर चालवत ठेवायचो, कारण कोळशाचा संच बटण दाबून बंद-चालू होत नाही. अशा वेळी मागणी वाढली तर तोच संच वर चढतो, नवी पवनचक्की उगवत नाही. पण एक पुस्ती जोडतो. कमी भारावर संच अडखळत चालतो आणि दर युनिटला कोळसा जास्त खातो. भार वाढला की तो जरा सुधारतो. त्यामुळे रात्रीचा जादा युनिट काळा खरा, पण वाटतो तितकाही नाही.

दुपारचं चित्र वेगळं. सौरऊर्जा जिथे भरपूर झालीय तिथे दुपारी वीज घ्यायला कुणी नसतं. कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत चालू सौरप्रकल्पांचं उत्पादन मुद्दाम कापावं लागतं. तिथे दुपारी एक वाजता लावलेली गाडी फेकून दिली जाणारी वीज पिते. तीच गाडी, तोच चार्जर, आणि नुसती वेळ बदलली की कार्बन अनेक पटींनी बदलतो. गाडी कुठली घ्यावी यावर लोक महिनोन्महिने वाद घालतात, ती कधी लावावी याचा विचार कुणी करत नाही.

जुनी गाडी विकली की साखळीत कुठेतरी एक भंगार होते, हे कागदावर छान दिसतं. बऱ्याचदा घडतं ते असं की रस्त्यावर एक गाडी वाढते. इतकंच म्हणतो.

गाळ आणि खडक

खाणींच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो. भूगर्भशास्त्र शिकलोय आणि धातूंच्या शोधाचंच काम करतो.

कोबाल्टवरून सुरुवात करू, कारण सगळ्यात वाईट गोष्ट तिथे आहे. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के एकट्या लोकशाही काँगो प्रजासत्ताकातून येतो (किन्शासा राजधानी असलेला काँगो). बहुतेक तांब्याच्या मोठ्या खाणींतून, तांब्यासोबत. पण काही भाग लोक हाताने खणलेल्या बिळांतून काढतात. आधार न दिलेले बोगदे, हातात साधी हत्यारं, आणि त्यात लहान मुलंही. याचं समर्थन होऊच शकत नाही.

निकेलबद्दल मात्र कुणी बोलत नाही आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. जगातलं निम्म्याहून जास्त निकेल आता इंडोनेशियातून येतं. तिथला लॅटेराइट दगड वरच्या थरात असतो, म्हणजे आधी जंगल खरवडायचं. तो वितळवायला प्रचंड वीज लागते आणि ती मुख्यतः कारखान्याच्या आवारातच उभ्या केलेल्या कोळशाच्या संचांतून येते. चिलीतल्या अटाकामाच्या वाळवंटात लिथियमसाठी खारं पाणी उपसून तळ्यांत वाळवतात, त्यामुळे तिथल्या भूजलावरून स्थानिकांचा संघर्ष चालू आहे. सगळ्यात जास्त लिथियम निघतं ते मात्र ऑस्ट्रेलियात, कठीण खडक फोडून.

आता दुसरी बाजू. वहीखातं, तुमच्या मायलेजने एखादी गाडी दोन लाख किलोमीटर चालली तर साडेबारा हजार लिटर, म्हणजे नऊ टनांहून जास्त पेट्रोल जळून जातं. परत काहीच मिळत नाही. ५० युनिटांच्या बॅटरीत शुद्ध लिथियम असतं पाच-सहा किलो आणि ते बॅटरी मेल्यावरही आतच असतं. (कोबाल्टवरून इलेक्ट्रिक गाड्यांना नावं ठेवणाऱ्यांसाठी एक माहिती: पेट्रोल-डिझेलमधलं गंधक काढायला रिफायनरीत जे उत्प्रेरक लागतात, त्यांतही कोबाल्ट असतो.)

शिवाय सगळ्या बॅटऱ्या सारख्या नसतात. एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेट, या प्रकारात कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही. नव्वदच्या दशकात जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत हा पदार्थ पुढे आला. २०१९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे जे तीन मानकरी होते, त्यांतले ते एक. ही बॅटरी जड असते, तेवढ्याच वजनात अंतर कमी देते, म्हणून बरीच वर्षं तिला कुणी विचारत नव्हतं. २०२४ पर्यंत जगातल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांत तिचा वाटा जवळपास निम्म्यावर आला. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

पण गंमत अशी की जिच्यामुळे काँगो आणि इंडोनेशिया सुटतात, तीच बॅटरी भंगारवाल्याला नको असते. पुनर्वापराचा कारखाना कोबाल्ट-निकेलच्या किमतीवर चालतो. लोह आणि फॉस्फेट काढून विकण्यात त्याला काय मिळणार? म्हणजे हे काम बाजारावर सोडून होणार नाही, कायदा लागेल. युरोपीय संघाने २०२३ मध्ये तसा केलाय. जुन्या बॅटरीतलं ५० टक्के लिथियम २०२७ अखेर आणि ८० टक्के २०३१ अखेर परत काढलंच पाहिजे, असं बंधन आहे. तोवर टाकाऊ बॅटऱ्यांचा मोठा लोंढाही येणार नाही, कारण विकलेल्यांतल्या बहुतेक अजून रस्त्यावरच आहेत.

स्टेपनी

+१. दोन वर्षं इलेक्ट्रिक टॅक्सी चालवतोय, त्याआधी डिझेल. बॉयलरकाकांनी तीस हजार किलोमीटर म्हटलंय, आमचे याहून बरेच जास्त होतात. तुमच्या हिशेबाने बॅटरीचं कर्ज माझ्यासारख्याचं वर्षा-दोन वर्षांत उतरायला हवं, कोळसा जास्त असला तरी. मग सगळी चर्चा घरात उभ्या असलेल्या गाड्यांची का? दिवसभर पळणारी वाहनं आधी बदला ना.

एक तक्रार मात्र आहे. टायर लवकर झिजतात. गाडी जड, आणि पाय दाबला की एकदम उचल घेते. जुन्या गाडीला टायर जितके पुरायचे तितके हिला पुरत नाहीत. ते झिजलेलं रबर शेवटी जातं कुठे? हवेतच ना? ब्रेक पॅड मात्र अजून नव्यासारखे आहेत.

वहीखातं

सगळ्यांचे आभार. खाती नीट मांडली गेली. कोबाल्टचं माहीत होतं, निकेल आणि भंगाराचं पहिल्यांदाच ऐकलं.

गाडी सध्या ठेवतेय. पण ती काही जन्मभर चालणार नाही, तीन-चार वर्षांत बदलावी लागेलच. तेव्हा हाच हिशेब लागू होईल का? आणि मुलगा विचारतोय की ग्रिड काळं असेल तर पुन्हा पेट्रोलच घेतलेलं बरं का.

जुना बॉयलर

नाही. चालती गाडी काढणं वेगळं आणि संपलेल्या गाडीच्या जागी नवी घेणं वेगळं. तेव्हा सांगाड्याचे टन दोन्हीकडे सारखे, म्हणून वजा होतात. उरतो फक्त बॅटरीचा फरक, आणि तो पुढच्या पंधरा वर्षांच्या विजेवर फिटायचा असतो, आजच्या नव्हे.

मुलाला ब्रिटनचं उदाहरण सांगा. २०१२ मध्ये तिथली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोर हे शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं. २०१२ साली तिथे कुणी इलेक्ट्रिक गाडी घेतली असेल, तर तिचा दर किलोमीटरचा कार्बन एकही बोल्ट न बदलता निम्म्याहून खाली आला. त्याच वर्षीची पेट्रोल गाडी आजही लिटरला २.३ किलोच सोडते, उलट इंजिन थकल्यामुळे लिटर जास्त लागत असतील. आमचं केंद्र बंद पडलं तर मला वाईट वाटेल, हे वेगळं.

बनवण्यापासून भंगारापर्यंतचा हिशेब ‘आयसीसीटी’ या संस्थेने २०२१ मध्ये केला होता, ग्रिड पुढे कसं बदलेल तेही धरून. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा युरोपात ६६ ते ६९ टक्के, अमेरिकेत ६० ते ६८, चीनमध्ये ३७ ते ४५ आणि भारतात १९ ते ३४ टक्के कमी कार्बन सोडते. सगळीकडे कमी, पण किती कमी यात एवढं अंतर.

स्टेपनी म्हणतात ते शंभर टक्के मान्य. चीनच्या शेंझेन शहराने २०१७ अखेर आपल्या सगळ्या, सोळा हजारांहून जास्त, बस इलेक्ट्रिक केल्या. दिवसभर पळणारी एक बस बदलली की अंगणात झाकून ठेवलेल्या कित्येक गाड्या बदलल्यासारखं होतं. टायरचंही खरं आहे. रिजनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच उलटी वीज बनवते त्यामुळे, ब्रेकची धूळ खूप घटते, पण वजनामुळे रबराची वाढते. युरोपच्या ‘युरो ७’ नियमांत सायलेन्सरसोबत ब्रेक आणि टायरचे कणही पहिल्यांदाच धरलेत, आणि ते इलेक्ट्रिक गाड्यांनाही लागू आहेत.

तेव्हा वहीखातं, बदलायची वेळ येईल तेव्हा सगळ्यात आधी बॅटरीचा आकार बघा. अमेरिकेत हमर इलेक्ट्रिक नावाचं चार टनांचं धूड मिळतं, त्यात २०० युनिटांहून मोठी बॅटरी आहे. माझ्या वरच्या दराने तिचं नुसतं बॅटरीचं कर्ज सोळा टन होतं, तिच्यावरही ‘झीरो एमिशन’च लिहिलेलं असतं. तुमच्या सहा हजार किलोमीटरला ३० युनिटांची बॅटरी भरपूर झाली, एलएफपी मिळाली तर उत्तम. विक्रेता ‘लांब जायचं झालं तर?’ असं घाबरवून मोठी गळ्यात मारायला बघेल. वर्षातून दोनदा लांब जाण्यासाठी वर्षभर अडीच-तीनशे किलो जास्तीचं वजन ओढत बसू नका, लांब जायला रेल्वे आहे. आणि तुमच्या भागात सौरवीज भरपूर असेल तर गाडी रात्री लावू नका, सुटीच्या दिवशी दुपारी लावा. सहा हजार किलोमीटरला आठवड्यातून एकदा पुरेल.